अणुभट्टीतला मॉडरेटर: बेळगाव-खानापूर-निपाणीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावहून खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरलं की कद्र्याचं धरण लागतं, आणि त्याच काळी नदीच्या काठावर कैगाचं अणुवीज केंद्र आहे. आपल्या भागातून कारवारला जाणाऱ्या प्रत्येकाने त्या फाट्यावरची पाटी वाचलेली असते. मी मराठी माध्यमाच्या शाळेत बरीच वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर वाचनालयात अणुऊर्जेवर चार शब्द बोललो आणि तेव्हापासून लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक गाठून विचारतात. मॉडरेटरबद्दल तर फारच. तेच प्रश्न इथे एकत्र केलेत, जसे विचारले गेले तसे.

काका, मॉडरेटर म्हणजे अणुभट्टीचा ब्रेकच ना?

नाही. दहातले आठ जण हेच धरून चालतात, म्हणून हा प्रश्न पहिला घेतला. घोळ नावाने घातलाय. मॉडरेटर मंद करतो तो न्यूट्रॉनला, म्हणजे युरेनियमचा अणुगर्भ फुटताना उडणाऱ्या आणि पुढचा गर्भ फोडणाऱ्या कणाला, भट्टीला नव्हे. न्यूट्रॉन मंद झाले तरच कैगासारखी भट्टी पेटती राहते. ते मंद व्हायचे थांबले की भट्टी विझते.

ब्रेकचं काम वेगळ्या वस्तू करतात. कॅडमियम किंवा बोरॉन असलेल्या दांड्या भट्टीत सोडल्या की त्या न्यूट्रॉन गिळून टाकतात. मॉडरेटरने मात्र न्यूट्रॉन गिळता कामा नये, नुसता दमवायचा आणि सोडून द्यायचा.

पटत नसेल तर राजस्थानातल्या रावतभाटाच्या पहिल्या दोन भट्ट्या आणि मद्रासजवळच्या कल्पाक्कमच्या दोन भट्ट्या आठवा. तिथे भट्टी तातडीने बंद करायची रीतच अशी होती की खालच्या टाकीत मॉडरेटरचं जड पाणी (साध्याऐवजी दुप्पट वजनाचा हायड्रोजन असलेलं पाणी) सोडून द्यायचं. पाणी खाली, भट्टी बंद. काढून घेतल्यावर गाडी थांबते असा ब्रेक कुणी पाहिलाय का?

मराठीत याला काय म्हणायचं?

मंदायक. पण प्लँटवर आणि कॉलेजात सगळे मॉडरेटरच म्हणतात, मीही तेच वापरतो. जड पाण्याला कन्नडमध्ये भारजल म्हणतात, ऐकायला मराठीच वाटतं. आपल्याकडची मुलं दोन्ही शब्द सहज वापरतात, परीक्षेत मात्र कुठल्या माध्यमाचा पेपर आहे ते बघून लिहावं.

पण हळू केल्याने आग वाढते कशी? उलटं वाटतंय की.

वाटणारच. युरेनियमचा अणुगर्भ फुटतो तेव्हा सरासरी अडीचच्या थोडे कमी न्यूट्रॉन बाहेर पडतात, आणि त्यांचा वेग सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर असतो. बेळगाव ते मुंबई हे अंतर पाचशे किलोमीटर धरलं तर असा न्यूट्रॉन ते सेकंदाच्या चाळिसाव्या भागात कापेल. मॉडरेटरमधून पुरता मंद होऊन निघालेल्या न्यूट्रॉनचा वेग सेकंदाला २.२ किलोमीटरच्या आसपास उरतो. तोच प्रवास त्याला पावणेचार मिनिटांचा.

युरेनियम-२३५, म्हणजे युरेनियमचा सहज फुटणारा प्रकार. त्याचा अणुगर्भ या मंद न्यूट्रॉनला जितक्या सहज पकडून फुटतो, त्याच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्यानेच तो वेगवान न्यूट्रॉनला दाद देतो. साखळी चालू राहायची तर फुटलेल्या प्रत्येक गर्भातून निघालेल्या न्यूट्रॉनपैकी एकाने तरी पुढचा गर्भ फोडलाच पाहिजे. वेगवान न्यूट्रॉनवर विसंबलं तर साध्या युरेनियममध्ये हे गणित बसत नाही.

वर्गात मी वर्षानुवर्षं झेलाचा दृष्टांत देत आलो: चेंडू हळू आला की झेल सोपा. दृष्टांत अर्धाच खरा आहे हे कबूल करतो. न्यूट्रॉन मंद झाला की त्याचं लहरीसारखं वागणं ठळक होतं, त्याची लहर लांब होते आणि अणुगर्भाला तो जणू मोठा दिसतो. झेल सोपा होतो तो चेंडू हळू आला म्हणून कमी आणि चेंडू फुगून फुटबॉलएवढा झाला म्हणून जास्त.

मग युरेनियममध्येच टकरा घेत घेत न्यूट्रॉन मंद का होत नाही? वेगळा मॉडरेटर कशाला?

हा प्रश्न मला निपाणीच्या एका बारावीतल्या मुलीने विचारला होता, आणि मॉडरेटरचं सगळं मर्म इथेच आहे.

खाणीतून आलेल्या युरेनियममध्ये फुटणारं युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं. बाकी जवळजवळ सगळं युरेनियम-२३८. हे २३८ फार वेगवान न्यूट्रॉनला फारसं विचारत नाही, अगदी मंदालाही सोडून देतं. पण मधल्या काही ठरावीक ऊर्जांवर समोर आलेला न्यूट्रॉन गट्ट करतं. न्यूट्रॉनला वरून खाली यायचं तर या ऊर्जांच्या पट्ट्यातूनच यावं लागतं.

कोगनोळीचा नाका डोळ्यांसमोर आणा. हायवेने गेलात तर नाका चुकत नाही. असे पाठोपाठ शे-दोनशे नाके असतील आणि प्रत्येक नाक्यावर गाडी जप्त व्हायची भीती असेल तर आपला माणूस काय करेल? गावातल्या आडवाटेने बाहेरच्या बाहेर निघेल. भट्टीत नेमकं हेच केलेलं असतं. युरेनियम बारीक कांड्यांत भरतात, कांड्यांमध्ये अंतर ठेवतात आणि त्या अंतरात मॉडरेटर भरतात. न्यूट्रॉन कांडीतून वेगात बाहेर पडतो, मॉडरेटरमध्ये टकरा खात मंद होतो. तिथे २३८ नाहीच, म्हणजे नाके नाहीत. सगळे पट्टे असे बाहेरच्या बाहेर ओलांडून तो मंद अवस्थेत दुसऱ्या कांडीत शिरतो. तोवर २३८ ची भूक मेलेली असते आणि २३५ वाट बघत असतं.

युरेनियम आणि मॉडरेटर एकत्र कालवून लगदा केला तर याच कारणाने बरेच न्यूट्रॉन वाया जातात. कांड्यांमधलं अंतर म्हणूनच मोजून ठरवतात. कैगाच्या भट्टीत इंधनाच्या दोन शेजारच्या नळ्यांचे मध्यबिंदू साधारण २३ सेंटिमीटरवर असतात.

हलका पदार्थच का लागतो? शिशासारख्या जड धातूवर आपटून न्यूट्रॉन जास्त थांबेल ना?

गोट्या खेळला असाल तर उत्तर तुमच्याकडे आहे. गोटी रस्त्याच्या रोलरवर मारली तर ती जवळजवळ त्याच वेगाने परत येते. रोलर ढिम्म, गोटीची ऊर्जा गोटीकडेच. तीच गोटी तेवढ्याच दुसऱ्या गोटीवर नाकासमोर बसली तर पहिली जागच्या जागी थांबते आणि दुसरी सुटते. सगळी ऊर्जा एका टकरीत गेली.

न्यूट्रॉनच्या वजनाची गोटी म्हणजे हायड्रोजनचा अणुगर्भ. वेगवान न्यूट्रॉनला पूर्ण मंद व्हायला हायड्रोजनबरोबर सरासरी १८ टकरा पुरतात. ड्युटेरियम, म्हणजे दुप्पट वजनाचा हायड्रोजन, याच्याबरोबर २५. बेरिलियमला ८६, कार्बनला ११५ च्या आसपास. युरेनियमवरच आपटत बसला तर दोन हजारांहून जास्त. शिसं त्याच जातीचं, किरणांना आडवं येईल पण न्यूट्रॉनला दमवणार नाही.

टकरा कमी लागण्याचा आणखी एक फायदा नाक्यांच्या हिशोबात आहे. हायड्रोजनबरोबर न्यूट्रॉन मोठ्या उड्या मारत खाली येतो, त्यामुळे कित्येक नाके उडीतच मागे पडतात. कार्बनबरोबर बारीक पायऱ्या उतरतो, म्हणून ग्राफाइटची, म्हणजे कार्बनचीच, भट्टी आकाराने अवाढव्य करावी लागते.

मग साधं पाणीच सगळ्यात चांगलं की! जड पाण्यावर खर्च कशाला?

मंद करण्यात साधं पाणी पहिल्या नंबरचं, पण त्याला खायची सवय आहे. साधा हायड्रोजन न्यूट्रॉन स्वतःच पोटात घालून ड्युटेरियम होतो. ड्युटेरियमला ती हाव जवळजवळ नाही. गिळण्याच्या बाबतीत साधा हायड्रोजन त्याच्या सहाशेपट पुढे आहे.

म्हणून साधं युरेनियम आणि साधं पाणी एवढ्यावर भट्टी पेटत नाही, कितीही मोठी बांधा. साधं पाणी वापरायचं तर युरेनियममधलं २३५ चं प्रमाण तीन ते पाच टक्क्यांपर्यंत वाढवून घ्यावं लागतं. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या आणि कुडनकुलमच्या रशियन बनावटीच्या हजार मेगावॉटच्या भट्ट्या या जातीच्या आहेत. त्यांचं समृद्ध इंधन बाहेरून आणायचं म्हणजे परराष्ट्र धोरण आलं, करार आले, कुणाचे रुसवेफुगवे आले.

जड पाणी घेतलं तर साधं युरेनियम चालतं. होमी भाभांनी भारताच्या अणुकार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यासाठी हा मार्ग निवडला त्यात ही एक मोठी सोय होती. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने हात काढून घेतला तरी आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या बांधल्या जात राहिल्या, कारण इंधन इथलं आणि मॉडरेटरही इथे काढता येण्यासारखा. भट्टीत कुठलं द्रव्य ओतायचं या एका निर्णयावर देश कुणापुढे हात पसरणार ते ठरतं. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची.

जड पाणी येतं कुठून? कारखान्यात बनवतात काय?

बनवत नाहीत, वेचून काढतात. राकसकोप धरणातून बेळगावला येणाऱ्या पाण्यातही ते आहे. निसर्गातल्या हायड्रोजनच्या साधारण ६,४०० अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतो. घरी येणाऱ्या २० लिटरच्या कॅनमध्ये तीन-साडेतीन ग्रॅम जड पाणी होईल एवढं ड्युटेरियम असतं, लहान चमचाही भरणार नाही.

ते वेगळं काढणं हेच दुखणं, कारण दोन्ही पाण्यांचे रासायनिक गुण जवळजवळ सारखे. भारतात पहिला कारखाना १९६२ मध्ये पंजाबात नांगलला सुरू झाला. आपल्याला जवळचा म्हणजे अलिबागजवळच्या थळचा; तिथे शेजारच्या खत कारखान्यात अमोनिया बनवायला वापरतात त्या वायूतून ड्युटेरियम गोळा करतात. तेलंगणात मणुगुरूला गोदावरीकाठी हायड्रोजन सल्फाइड वापरतात. त्याला सडक्या अंड्याचा वास, वर विषारी, त्यामुळे सांभाळणं जिकिरीचं. भारत आता जड पाणी बाहेरच्या देशांनाही विकतो.

भट्टीत वापरायचं जड पाणी ९९.८ टक्क्यांच्या आसपास शुद्ध लागतं. त्यात अर्धा-एक टक्का साधं पाणी शिरलं तरी न्यूट्रॉनचा हिशोब कोलमडतो. प्लँटवर म्हणून दोन्ही बाजूंनी डोळ्यांत तेल घालून बसतात. महाग द्रव्य गळायला नको ही एक काळजी, त्यात साधं पाणी शिरायला नको ही दुसरी. सायीसकट दूध विकणाऱ्याने पाणी मिसळलं तर गिऱ्हाईक तक्रार करतं. इथे तक्रार भट्टी स्वतःच करते.

जड पाणी प्यायलं तर माणूस मरतो का?

घोटभराने काही होत नाही. ताजं जड पाणी किरणोत्सारी नसतं. वजनाला साध्या पाण्याहून सुमारे अकरा टक्के जास्त, ३.८ अंशाला गोठतं आणि १०१.४ अंशाला उकळतं. चव किंचित गोडसर लागते म्हणतात. शरीरातल्या पाण्याचा मोठा हिस्सा जड पाण्याने बदलला गेला तर मात्र पेशींचं काम बिघडतं. त्यासाठी कित्येक दिवस तेच प्यावं लागेल, आणि एवढं महाग पाणी तुम्हाला कोण देतंय?

भट्टीत राहून आलेल्या जड पाण्याची गोष्ट वेगळी. तिथे ड्युटेरियमने क्वचित एखादा न्यूट्रॉन गिळला की ट्रिटियम होतं. ते किरणोत्सारी असतं, साडेबारा वर्षांच्या आतच निम्मं होतं, त्याचे किरण इतके दुबळे की कातडी भेदत नाहीत. पण पोटात गेलं तर शरीरभर पाण्यासारखं पसरतं.

नोव्हेंबर २००९ मध्ये कैगात हेच घडलं. कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या लघवी तपासणीत ट्रिटियम जास्त आढळलं आणि माग काढत गेल्यावर पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरपर्यंत पोचले. कुणीतरी आतल्याच माणसाने त्यात ट्रिटियमचं जड पाणी मिसळलं असावं, असं अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितलं. भट्टीतून गळती झाली नव्हती. तरी कारवारपासून बेळगावपर्यंत महिनाभर दुसरा विषय नव्हता, आणि त्यात लोकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

सर, ग्राफाइट म्हणजे आमच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतल्या क्रूसिबलचंच काय हो?

मूळ वस्तू तीच, कार्बन. पण तुमच्या क्रूसिबलचं, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्याचं, ग्राफाइट अणुभट्टीत चालणार नाही. क्रूसिबलमध्ये चिकणमाती, सिलिकॉन कार्बाइड असं बरंच मिसळलेलं असतं. अणुभट्टीच्या ग्राफाइटमध्ये बोरॉनचा अंशही चालत नाही. बोरॉनला न्यूट्रॉनची इतकी हाव आहे की दहा लाखांत चार-पाच भाग असला तरी जाणवतो.

या बारीकशा बोरॉनने दुसऱ्या महायुद्धात केवढी उलथापालथ केली! जर्मनीत शास्त्रज्ञ वाल्थर बोथे यांनी १९४१ च्या सुमारास ग्राफाइट तपासलं आणि ते न्यूट्रॉन फार गिळतं असा निष्कर्ष काढला. नमुना पुरेसा शुद्ध नव्हता. जर्मनांनी ग्राफाइट सोडून जड पाण्याची वाट धरली, आणि जड पाणी मिळायचं नॉर्वेतल्या व्हेमोर्कच्या एकाच कारखान्यात. फेब्रुवारी १९४३ मध्ये नॉर्वेजियन कमांडोंनी तिथली यंत्रणा उडवली. पुढच्या वर्षी उरलेलं जड पाणी जर्मनीकडे नेणारी फेरीबोट तळ्यात बुडवली.

तिकडे अमेरिकेत शास्त्रज्ञ लिओ झिलार्ड ग्राफाइट बनवणाऱ्यांच्या मागे लागला की यातलं बोरॉन काढा. काढलं. २ डिसेंबर १९४२ ला शिकागोत एन्रिको फर्मीच्या चमूने ग्राफाइटच्या विटा आणि युरेनियम रचून पहिली भट्टी पेटवली. स्टेडियमच्या पायऱ्यांखाली, स्क्वॉश खेळायच्या जागेत.

हे मंद करायचं डोकं मुळात कुणाचं?

फर्मीचंच, पण आधी टेबलाचं. १९३४ मध्ये रोममध्ये तो चांदीवर न्यूट्रॉनचा मारा करत होता. लाकडी टेबलावर प्रयोग केला तर चांदी जास्त किरणोत्सारी होई, संगमरवरी टेबलावर कमी. कुणालाही वाटलं असतं, उपकरण बिघडलं. ऑक्टोबरमध्ये फर्मीने मध्ये पॅराफिन मेणाचा तुकडा ठेवून पाहिला, तर परिणाम कितीतरी वाढला. लाकडात आणि मेणात हायड्रोजन भरपूर, संगमरवरात नाही. पुढे खातरजमेसाठी संस्थेच्या बागेतल्या हौदातही प्रयोग झाला. १९३८ चं नोबेल त्याला मिळालं त्यात या मंद न्यूट्रॉनचा वाटा होता.

कैगाच्या भट्टीत मॉडरेटर नेमका कुठे असतो?

आडवं पिंप डोळ्यांपुढे आणा. त्याला कॅलेंड्रिया म्हणतात. पिंपाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरपार ३०६ नळ्या, मध्ये सगळीकडे जड पाणी. हाच मॉडरेटर. दाब फारसा नाही, तापमान उकळबिंदूच्या बरंच खाली.

प्रत्येक नळीच्या आत दुसरी जाड नळी, आणि दोघींमध्ये वायूची पोकळी, थर्मासमध्ये असते तशी. आतल्या नळीत युरेनियमचे अर्ध्या मीटरचे जुडगे एकामागे एक बारा, आणि त्यांना चाटून जाणारं वेगळं जड पाणी. ते तीनशे अंशांच्या जवळ तापतं, प्रचंड दाबाखाली असल्याने उकळत नाही, आणि आपली उष्णता नेऊन वाफ तयार करतं. म्हणजे एकाच भट्टीत जड पाणी दोनदा आहे: एक थंड, न्यूट्रॉन मंद करणारं, एक तप्त, उष्णता वाहणारं. दोघांची भेट होत नाही. वर्तमानपत्रांत या दोन्हींना सर्रास एकच समजतात.

थंड म्हटलं तरी न्यूट्रॉनच्या टकरा आणि गॅमा किरण यांनी मॉडरेटरही तापतो. भट्टीच्या उष्णतेचा साधारण विसावा भाग त्यात उतरतो, म्हणून त्याला थंड करायची वेगळी सोय असते. अखेरची सगळी नको असलेली उष्णता कद्र्याच्या जलाशयात जाते.

कैगाने विक्रम केला होता म्हणे. त्याचा मॉडरेटरशी काही संबंध?

आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कैगाची एक नंबरची भट्टी १३ मे २०१६ ला चालू झाली ती ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत न थांबता ९६२ दिवस चालली. तेव्हा तो जागतिक विक्रम होता. आधीचा विक्रम इंग्लंडच्या हेशॅमचा, ९४० दिवसांचा. नंतर कॅनडाच्या डार्लिंग्टनने कैगाला मागे टाकलं.

आता बघा, हेशॅम ग्राफाइटवाली, कैगा आणि डार्लिंग्टन जड पाण्याच्या. साध्या पाण्याची एकही नाही. साध्या पाण्याच्या भट्टीत सगळं इंधन एकाच जाड भांड्यात बसवलेलं. इंधन बदलायचं तर भट्टी बंद करून झाकण काढावं लागतं. कैगात मॉडरेटर पिंपात आणि इंधन वेगळ्या नळ्यांत, त्यामुळे एका नळीची दोन्ही तोंडं यंत्राने धरून चालू भट्टीतच जुने जुडगे काढून नवे सरकवता येतात. साध्या युरेनियमचा दम लवकर संपतो, त्यामुळे हे जवळजवळ रोजचंच काम. उणीव होती तिची सोय झाली.

चेर्नोबिलसारखं कैगात होईल का?

तसंच होणार नाही. पण "काहीच होणार नाही" असंही मी कुणाला सांगत नाही.

चेर्नोबिलची भट्टी ग्राफाइटने मंद करायची आणि साध्या पाण्याने थंड करायची. या जोडीत खोट होती. ग्राफाइट मंद करायला पुरेसा होता, साधं पाणी उलट थोडे न्यूट्रॉन खात होतं. पाण्याची वाफ झाली की खाणारा कमी होई, मंद करणारा जागेवरच राही, म्हणून ताकद वाढे. ताकद वाढली की आणखी वाफ. त्यात नियंत्रक दांड्यांना ग्राफाइटचे तुकडे जोडलेले, त्यामुळे दांड्या आत सोडल्यावर पहिल्या क्षणी काही भागात उलट ताकद वाढली. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री हे सगळं एकत्र आलं, वर ग्राफाइटने पेट घेतला.

ग्राफाइटचं आणखी एक दुखणं आहे. न्यूट्रॉनच्या माराने त्याच्या जाळीत ऊर्जा साठत जाते. १९५७ मध्ये इंग्लंडच्या विंडस्केलला ती ऊर्जा मोकळी करायला गेले आणि भट्टीला आग लागली.

साध्या पाण्याच्या भट्टीत तेच पाणी मंदही करतं आणि थंडही. पाणी गेलं की मंद करणाराच गेला, साखळी आपोआप थांबते. ऐकायला हे फार छान, पण साखळी थांबली म्हणून उष्णता थांबत नाही. विखंडनातून, म्हणजे अणुगर्भ फुटण्यातून, उरलेले तुकडे धगधगत राहतात, भट्टी बंद केल्या क्षणी तिच्या ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता तशीच चालू असते. मार्च २०११ मध्ये फुकुशिमात भूकंप होताच दांड्या आत गेल्या, साखळी थांबली. घात केला तो या मागच्या उष्णतेने.

कैगाच्या जातीत नळ्यांमधल्या तप्त जड पाण्याची वाफ झाली तर ताकद थोडी वाढते. ही खोट लपवण्यासारखी नाही, म्हणूनच भट्टी झटकन बंद करणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा बसवलेल्या असतात: एकीत कॅडमियमच्या दांड्या, दुसरीत न्यूट्रॉन गिळणारं द्रावण. जमेची बाजू म्हणजे नळ्यांभोवती थंड मॉडरेटरचा मोठा साठा असतो. नळ्यांतलं पाणी गेलंच तर मागे राहिलेली उष्णता काही काळ तो शोषून घेऊ शकतो. चेर्नोबिलला नव्हतं असं दुहेरी काँक्रीट कवच इथे आहे. तेही सुखासुखी झालं नाही: १९९४ मध्ये पहिल्या भट्टीचं बांधकाम चालू असतानाच आतल्या घुमटाचं काँक्रीट निखळून पडलं आणि रचना नव्याने करावी लागली.

मॉडरेटर नसलेली भट्टी असते का?

असते. कल्पाक्कमच्या फास्ट ब्रीडर भट्ट्या त्या जातीच्या. तिथे न्यूट्रॉनला मुद्दाम वेगवान ठेवतात, इंधनात प्लुटोनियम भरपूर घालतात आणि थंड करायला वितळलेलं सोडियम वापरतात. पाणी तिथे चुकूनही नको, एक म्हणजे ते न्यूट्रॉन मंद करील आणि दुसरं म्हणजे सोडियमला पाणी लागलं की पेट घेतं.

माणसाने बांधायच्या आधी अणुभट्टी होती असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. खरं का?

व्हॉट्सअ‍ॅपवरचं हे एक खरं निघालं. आफ्रिकेत गॅबन देशातल्या ओक्लोच्या युरेनियम खाणीत २३५ चं प्रमाण किंचित कमी सापडलं, आणि १९७२ मध्ये उलगडा झाला की सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी तिथे जमिनीतच विखंडनाची साखळी चालली होती. त्या काळी युरेनियममध्ये २३५ तीन टक्क्यांच्या घरात होतं, आजच्या समृद्ध इंधनाइतकं. मॉडरेटर होतं खडकांत झिरपलेलं साधं पाणी. साखळी पेटली की पाणी तापून वाफ व्हायचं, मंद करणारा गेला की भट्टी विझायची, खडक निवला की पाणी पुन्हा झिरपायचं. मॉडरेटर ब्रेक आहे म्हणणाऱ्यांना मी आता ओक्लोच सांगतो.

आपल्या जिल्ह्यात युरेनियम आहे ना? मग इथेच भट्टी का नाही?

देशनूरच्या बाजूला युरेनियमच्या खुणा सापडल्यात, हे खरं. पण खनिजाशेजारी भट्टी असा नियम नाही. भट्टीला इंधन थोडं लागतं, पाणी अफाट. कैगाला काळी नदी आहे. तिथे आज २२० मेगावॉटच्या चार भट्ट्या आहेत, आणि ७०० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्यांना २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. त्याही जड पाण्याच्याच.

शाळेत मुलांना दाखवायला सोपा प्रयोग सांगा.

काचेच्या सारख्या आकाराच्या वीस-पंचवीस गोट्या, एक क्रिकेटचा चेंडू आणि शक्य असेल तर दळणाच्या जात्याची पाळ. फरशीवर खडूने मोठं वर्तुळ काढा. आधी एक गोटी पाळीवर मारा, ती कशी उसळून परत येते ते मुलांना बोलू द्या. मग चेंडूवर. मग वर्तुळात गोट्या विखरून त्यात एक रंगीत गोटी जोरात सोडा आणि किती टकरांनंतर ती रांगायला लागते ते मोजायला लावा. टकरांचे आकडे फळ्यावर लिहा, सरासरी काढा. मोजणीवरून भांडणं होतील, होऊ द्या.

फक्त आधी फरशी सपाट आहे का बघा. मी शिकवायचो त्या वर्गाची फरशी एका कडेला उतरती होती, माझे सगळे न्यूट्रॉन मंद व्हायच्या आत मुलींच्या बाकाखाली पळायचे आणि अर्धे तास संपेपर्यंत परत यायचे नाहीत.